एमडी निवडताना एकदा वाईट बातमी सांगून पाहा

प्रति,
नामांकन व मानधन समित्यांचे सर्व सदस्य,
महाराष्ट्रात कारखाने असलेल्या सूचिबद्ध कंपन्या

विषय : पुढचा व्यवस्थापकीय संचालक (एमडी) निवडताना त्याचा स्वभाव तपासण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७८ ने तुमच्यावर एक काम सोपवले आहे आणि ते बहुतेक ठिकाणी कागदावरच उरकले जाते. संचालकाची पात्रता आणि स्वतंत्रता यांच्या जोडीला त्याच्या अंगी कोणते चांगले गुण हवेत याचेही निकष ठरवा, असे ते कलम सांगते. कंपन्यांच्या वेबसाइटवर ही धोरणे असतात. निवृत्तीनंतर वेळ भरपूर, म्हणून मी बरीच वाचली. गुणांच्या रकान्यात सचोटी, दूरदृष्टी, नेतृत्व, सांघिक वृत्ती हेच चार-पाच शब्द सगळीकडे. एका कंपनीचे धोरण दुसरीच्या नावाने छापले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. हाच रकाना तुम्ही मनावर घेतलात, तर तुमच्या कारखान्यामागच्या नाल्याचे पाणी सुधारेल असे माझे म्हणणे आहे.

माझी नोकरी रासायनिक कारखान्यांच्या पर्यावरण विभागात झाली, आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि मग कोकणात. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट), कन्सेंटचे म्हणजे मंडळाच्या परवानगीचे नूतनीकरण, घातक कचऱ्याच्या वाहतुकीचे मॅनिफेस्ट, ३० सप्टेंबरच्या आत भरायचे पर्यावरण विवरण, प्रदूषण नियंत्रण मंडळाची सॅम्पल, यातच दिवस गेले. प्लांट तोच, कायदा तोच, ऑपरेटर बहुतेक तेच. तरी एमडी बदलला की वर्षभराच्या आत ईटीपीच्या आउटलेटचे पाणी बदलायचे. कधी सुधारायचे, कधी बिघडायचे. भांडवली बजेट तेवढेच असतानाही बदलायचे.

एका एमडींचे आवडते वाक्य होते, ‘माझ्याकडे प्रॉब्लेम आणू नका, सोल्यूशन आणा.’ मीटिंगमध्ये हे वाक्य झकास वाटते. नवे मॅनेजर ते वहीत लिहून घ्यायचे. आता ईटीपीत उभे राहून त्याचा अर्थ लावा. रात्रपाळीत रसायनांचा रिअ‍ॅक्टर धुतला, धुण्याचे पाणी एकदम ईटीपीकडे आले, सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचे एक माप) उसळला, पाणी शुद्ध करणारे एरेशन टाकीतले जिवाणू मेले. याला रात्री दोन वाजता सोल्यूशन नसते. टाकी पुन्हा जिवंत व्हायला दिवस जातात, तोवर उत्पादन कमी करावे लागते, आणि उत्पादन कमी करा असे त्या साहेबांना सांगायचे कुणी? मग पर्यावरण विभागात ठरलेले शब्द ऐकू येतात : ‘सकाळी बघू’, ‘साहेबांना आत्ता नको’, ‘रीडिंग बसवून घ्या’, म्हणजे निकषात बसेल असा आकडा लिहा. पावसाळा असेल तर नाला जवळच असतो. हे एमडी वाईट माणूस नव्हते. पाच जूनला, पर्यावरणदिनी, स्वतः खड्ड्यात उतरून झाड लावायचे, वार्षिक अहवालात तो फोटो पान भरून यायचा.

त्यांच्यानंतर आलेल्या गृहस्थांना झाडांची अजिबात हौस नव्हती. पर्यावरणावर त्यांनी केलेले एकही भाषण मला आठवत नाही. मात्र सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांचा पहिला प्रश्न असायचा, ‘काल रात्री काय बिघडलं?’ आणि उत्तर देणाऱ्यावर ते ओरडत नसत. सुरुवातीला कुणी बोलेना. मग एकदा प्रॉडक्शनच्या शिफ्ट इनचार्जनेच रिअ‍ॅक्टर धुण्याची वेळ आधी कळवली. त्यातून सांडपाणी आधी साठवून एकसारखे करणारी इक्वलायझेशनची टाकी मोठी करण्याचा विषय निघाला, त्यातून सॉल्व्हंट नेमके कुठे वाया जाते याचा हिशेब निघाला, आणि तो हिशेब पाहून फायनान्सवालेही जागे झाले.

हा एका माणसाचा अनुभव म्हणून तुम्ही बाजूला ठेवाल, आणि ठेवायलाही हवा. पण व्यवस्थापनशास्त्रात हा विषय चाळीस वर्षे चालू आहे. डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांनी १९८४ मध्ये मांडले की कंपनीचे निर्णय हे बऱ्याच अंशी वर बसलेल्या माणसांच्या अनुभवाचे, मूल्यांचे आणि स्वभावाचे प्रतिबिंब असते. पुढे २००७ मध्ये अरिजित चॅटर्जी आणि हॅम्ब्रिक यांनी अमेरिकेतल्या संगणक क्षेत्रातल्या सीईओंची आत्ममग्नता मोजली. सीईओ मानसोपचारतज्ज्ञासमोर बसायला तयार होणार नाहीत हे उघड होते, म्हणून त्यांनी आडवाटेने मोजमाप केले : वार्षिक अहवालात सीईओचा फोटो केवढा आहे, कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकांत त्याचे नाव किती वेळा येते, मुलाखतीत तो ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ किती म्हणतो, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्यापेक्षा त्याचा पगार कितीने जास्त आहे. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्याकडेही छापील मिळतात. तुमच्या कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल काढून फोटो बघायला काही खर्च येत नाही.

अशा माणसांचे पर्यावरणाशी नाते कसे असते? इथे थोडा गुंता आहे, आणि मला हाच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये पेट्रेन्को आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले की आत्ममग्न सीईओंच्या कंपन्या सामाजिक जबाबदारीची कामे कमी नाही, जास्त करतात. फक्त त्या कामातून कंपनीच्या कामगिरीला होणारा लाभ घटतो. त्याच्या आदल्या वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यांचा स्वतःवर फाजील विश्वास असतो अशा सीईओंच्या कंपन्यांत चांगली कामे कमी आणि बेजबाबदार कामे जास्त आढळली. म्हणजे दोन वेगळे स्वभाव झाले. एकाला टाळ्या हव्या असतात. दुसऱ्याला खात्री असते की आपले काही चुकणारच नाही.

टाळ्या हव्या असलेला माणूस दिसणारे पर्यावरण विकत घेतो. छतावरचे सोलर पॅनल, झाडांची मोहीम, तलावाचे सुशोभीकरण, परिषदेतले भाषण, पुरस्कार. यातले काही खरोखर चांगले असते, सोलरला मी कशाला नावे ठेवू? पण पाइपच्या आतला गंज, ब्लोअरचे घासलेले बेअरिंग, वायू धुणाऱ्या स्क्रबरमधला कॉस्टिकचा डोस, गळका व्हॉल्व्ह यांचा फोटो काढता येत नाही. प्रदूषण बहुतेक वेळा तिथेच जन्माला येते.

ब्रिटिश पेट्रोलियमचे उदाहरण घ्या. जॉन ब्राऊन यांनी मे १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात भाषण करून हवामानबदल गांभीर्याने घ्यायला हवा असे सांगितले. मोठ्या तेल कंपनीच्या प्रमुखाने हे म्हणणे त्या काळी धाडसाचे होते. कंपनीच्या स्वतःच्या उत्सर्जनात कपात करण्याचे उद्दिष्ट त्यांनी ठेवले आणि ते मुदतीच्या कितीतरी आधी गाठले. २००० मध्ये नवे सूर्यफुलासारखे बोधचिन्ह आले, ‘पेट्रोलियमच्या पलीकडे’ असे ब्रीद आले. याच काळात, १९९९ मध्ये, रिफायनऱ्यांना स्थिर खर्चात २५ टक्के कपातीचे लक्ष्य दिले गेले होते. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ जण मेले. पुढच्या वर्षी अलास्कात गंजलेल्या पाइपलाइनमधून तेल सांडले. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला त्यात वरच्या नेतृत्वाने प्रक्रियेच्या सुरक्षिततेकडे पुरेसे लक्ष दिले नाही असा ठपका होता. किरकोळ इजांचे आकडे सुधारले म्हणून कंपनी सुरक्षित आहे असे धरून चालले होते. ब्राऊन यांचा स्वभाव कसा होता याबद्दल मी काही म्हणत नाही, मी त्यांना कधी भेटलेलो नाही. पण भाषण आणि पाइप यांच्यातले अंतर याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

याच कंपनीत २०२० मध्ये बर्नार्ड लूनी आले, दशकात तेल-वायूचे उत्पादन ४० टक्क्यांनी घटवू म्हणाले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणले, सप्टेंबरमध्ये पायउतार झाले, आणि २०२५ मध्ये कंपनी पुन्हा तेल-वायूकडे वळली. एका माणसाच्या उत्साहावर टांगलेले धोरण त्या माणसाबरोबर जाते.

आता फोक्सवॅगन. ही गोष्ट पुण्याच्या वाचकाला परकी नाही, चाकणला त्यांचा कारखाना आहे. मार्टिन विंटरकोर्न २००७ ते २०१५ प्रमुख होते. बारकाव्यांचा प्रचंड ध्यास असलेला अभियंता. २०११ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात प्रतिस्पर्धी कंपनीच्या गाडीत बसून स्टीअरिंगचा दांडा वरखाली करत, ‘याचा आवाज कसा येत नाही, आपल्याला हे का जमत नाही?’ अशा अर्थाचे ते सहकाऱ्यांना विचारतानाचा व्हिडिओ प्रसिद्ध आहे. आजूबाजूच्या माणसांचे चेहरे त्यात बघण्यासारखे आहेत. जगातली सर्वात यशस्वी आणि पर्यावरणाच्या बाबतीतही सर्वात पुढची वाहन कंपनी व्हायचे, असे कंपनीचे २०१८ सालासाठीचे उद्दिष्ट होते. अमेरिकेत ‘स्वच्छ डिझेल’ विकायचे होते. नायट्रोजन ऑक्साइडचे तिथले निकष ठरलेल्या खर्चात आणि वेळेत पाळणे त्या इंजिनाला जमत नव्हते.

हे कंपनीने उघड मान्य केले नाही. त्याऐवजी गाडी चाचणीवर आहे हे ओळखणारे सॉफ्टवेअर बसवले गेले. चाचणीत गाडी शहाण्यासारखी वागायची, रस्त्यावर काही गाड्या निकषाच्या चाळीस पटींपर्यंत उत्सर्जन करायच्या. सप्टेंबर २०१५ मध्ये हे फुटले, जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात होत्या. विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. आपल्याला या गैरप्रकाराची माहिती नव्हती असे त्यांचे म्हणणे आहे. समजा ते पूर्ण खरे आहे. मग प्रश्न आणखी अवघड होतो. स्टीअरिंगच्या खडखडाटापर्यंत लक्ष असलेल्या माणसापर्यंत एवढी मोठी गोष्ट वर्षानुवर्षे पोहोचली कशी नाही? कामगार प्रतिनिधींचे प्रमुख बर्न्ड ऑस्टरलो यांनी त्याच महिन्यात कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर सूचित केले होते : अडचणी लपवल्या जात नाहीत, वरिष्ठांना उघडपणे सांगता येतात, असे वातावरण हवे.

भारतात वाहनांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय या संस्थेने गाड्या तपासल्या, कंपनीने तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड लावला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई रोखली.

आणि एक तपशील तुमच्यासाठी मुद्दाम. घोटाळा फुटण्याच्या काही दिवस आधी डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने फोक्सवॅगनला वाहन उद्योगात पहिल्या क्रमांकावर बसवले होते. आपल्याकडे २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर, म्हणजे जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल सक्तीचा आहे. तो आला हे चांगलेच झाले, निदान पाणी, कचरा, उत्सर्जन यांचे आकडे मागता येतात. पण तो आकडा ज्या माणसाने खालून वर पाठवला, त्याची खरा आकडा पाठवण्याची हिंमत होती का, यासाठी अहवालात रकाना नाही.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की हे सगळे मानसशास्त्र झाले. कंपनी पर्यावरण सांभाळते की नाही हे कायदा, बाजारभाव आणि तंत्रज्ञान ठरवतात. काही अंशी खरे आहे. सिमेंटचा एमडी कितीही नम्र असला तरी चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघणारच. पण हॅम्ब्रिक यांनीच सिडनी फिंकेलस्टाइन यांच्याबरोबर १९८७ मध्ये मांडले की नेत्याला जितकी मोकळीक, तितका त्याच्या स्वभावाचा परिणाम जास्त. जिथे तपासणी कडक, तिथे स्वभाव कसाही असो, नळ बंदच राहतो. आपल्याकडे तपासणी कशी आहे हे मी तुम्हाला सांगायला हवे का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वात वर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीत रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना पाहणीला जावे लागले. २०१७ मध्ये तळोजात कुत्री निळी झाली होती. अशा ठिकाणी भिंतीला भिंत लागून दोन कारखाने असतात, उत्पादन जवळपास सारखे, फील्ड ऑफिसर तोच. एकाच्या गटाराला रंग असतो, दुसऱ्याच्या नसतो. हा फरक कायद्याने पडलेला नाही.

मग कसा माणूस शोधायचा? मवाळ, गोड बोलणारा, निसर्गप्रेमी असे मी म्हणत नाही. मवाळ एमडीला प्लांट हेड गुंडाळून ठेवतो, हेही मी पाहिले आहे. रे अँडरसन हे अमेरिकेतल्या इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक. स्पर्धेची खुमखुमी असलेला, पक्का धंदेवाईक माणूस. १९९४ मध्ये ग्राहक विचारू लागले की तुमची कंपनी पर्यावरणासाठी काय करते. कंपनीतल्या गटाने त्यांना त्यावर भाषण करायला सांगितले, आणि कायदा पाळतो यापलीकडे आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा ते साठीला आले होते. पेट्रोलियमपासून गालिचे बनवणाऱ्या कंपनीसमोर त्यांनी २०२० पर्यंत पर्यावरणावरचा दुष्परिणाम शून्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले. २०११ मध्ये ते वारले. कंपनीने काम सोडले नाही आणि २०१९ मध्ये ते लक्ष्य गाठल्याचे जाहीर केले. लूनींच्या धोरणाशी याची तुलना करून पाहा. अँडरसन यांची जिद्द खरेदीत, डिझाइनमध्ये, कचऱ्याच्या हिशेबात उतरली होती, म्हणून ती त्यांच्यामागे टिकली. महिंद्र अँड महिंद्रने २०१६ मध्ये कार्बनवर टनामागे दहा डॉलर अशी अंतर्गत किंमत लावली, ते मला याच कारणासाठी आवडते. पुढे कुणीही आला तरी गुंतवणुकीच्या कागदावर तो आकडा समोर येतो.

चांगल्या नेत्यांच्याही कानापर्यंत सगळे पोहोचते असे नाही. युनिलिव्हरचे तेव्हाचे प्रमुख पॉल पोलमन यांनी तिमाही नफ्याचे आकडे जाहीर करण्याची पद्धत सोडली आणि शाश्वततेची मोठी योजना आणली. त्यांच्याच समूहाच्या मुंबईतल्या कंपनीचा कोडईकनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून २००१ मध्ये बंद झाला होता. माजी कामगारांशी समझोता व्हायला मार्च २०१६ उजाडले.

तुमच्याकडे मागणे फार नाही. अंतिम यादीतल्या उमेदवाराला मुलाखतीत विचारा की त्याच्या हाताखाली पर्यावरणाच्या बाबतीत सर्वात वाईट काय घडले, ते त्याला कुणी सांगितले, आणि सांगणारा आज कुठे आहे. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे नीट लक्ष द्या. ‘माझ्या काळात असे काही घडले नाही’ म्हणणारा उमेदवार रासायनिक कंपनीतला असेल तर पुढचे प्रश्न विचारत बसू नका. संदर्भासाठी त्याच्या जुन्या अध्यक्षाला फोन करता, तसा त्याच्या जुन्या कारखान्यातल्या सुरक्षा व पर्यावरण प्रमुखालाही करा. जमले तर ईटीपीच्या सुपरवायझरला भेटा. तो पहिल्यांदा काही सांगणार नाही, चहा घेऊन थांबा.

पर्यावरण प्रमुखाची नेमणूक आणि गच्छंती एकट्या एमडीच्या हातात ठेवू नका. सेबीच्या नियमांनुसार पहिल्या हजारातल्या कंपन्यांकडे जोखीम व्यवस्थापन समिती असते आणि पर्यावरणाची जोखीम तिच्या कक्षेत येते. अंतर्गत लेखापरीक्षक जसा ऑडिट समितीला थेट भेटतो, तसा हा माणूस त्या समितीला वर्षातून दोनदा एमडीच्या गैरहजेरीत भेटू द्या.

मानधनाचे म्हणाल तर झाडांच्या संख्येवर बोनस देणे आधी थांबवा. एमडीची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची असते, आणि दुर्लक्षित ईटीपी किंवा गंजकी पाइपलाइन दगा देते ती पुष्कळदा सहाव्या-सातव्या वर्षी, पुढच्याच्या काळात. म्हणून प्रोत्साहन रकमेचा एक भाग तो गेल्यावर दोन-तीन वर्षांनी द्या, मधल्या काळात काही निघाले तर अडवून धरण्याच्या अटीसह. कलम १७८ मध्येच अल्पकालीन आणि दीर्घकालीन उद्दिष्टांचा मेळ घाला असे म्हटले आहे, त्यामुळे वकील आडवे येणार नाहीत. मात्र गळती किंवा बिघाड स्वतःहून कळवला म्हणून कुणाचा बोनस कापू नका, एमडीचाही नाही. तो कापलात की दुसऱ्या दिवसापासून रीडिंग बसवणे सुरू होईल.

जुलै ते सप्टेंबर हा वार्षिक सभांचा हंगाम. तुमच्यापैकी काही कंपन्यांचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. सभा ऑनलाइन असल्या की भागधारकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. मी एवढेच विचारणार आहे : तुमच्या पर्यावरण प्रमुखाने गेल्या वर्षभरात संचालक मंडळाला कोणती वाईट बातमी थेट सांगितली, आणि त्यानंतर त्याचे काय झाले? उत्तर लेखी दिले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त पर्यावरण अभियंता व छोटा भागधारक
ठाणे